वाचकांचे प्रश्न : घरातल्या रिकाम्या बरण्या-डब्यांतून अंगणातले सौर दिवे

घरातल्या रिकाम्या बरण्या, डबे आणि बाटल्या वापरून अंगणात, परसात किंवा शेतात लावण्याजोगे स्वस्त सौर दिवे कसे करावेत, या विषयावरची सात पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. वाचकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत. सगळ्यांनाच लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. दिव्याचे आवरण, दांडा, झाकण, छत्री हे सारे टाकाऊ वस्तूंतून खुशाल करावे, पण सेल मात्र टाकाऊ घेऊ नये. वीस-तीस रुपयांच्या बचतीपायी सेल जुना घातला, की बाकीची सारी मेहनत एका पावसाळ्यात वाया जाते, आणि काही वेळा जाण्यासारखे त्याहून बरेच काही असते.

प्रश्न : माझ्याकडे लोणच्याच्या आणि कॉफीच्या काचेच्या आठ-दहा बरण्या साठल्या आहेत. तुळशीवृंदावनाजवळ आणि फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद उजेड हवा आहे. विजेच्या कामाची मला काहीच माहिती नाही. असे दिवे मला घरी करता येतील का?
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : नक्की करता येतील, आणि त्यासाठी डाख देण्याचीही गरज पडणार नाही. बागेत जमिनीत खोचायचे जे छोटे सौर दिवे बाजारात मिळतात, त्यांतला सर्वांत साधा आणि स्वस्त प्रकार घ्यावा. त्याचा प्लॅस्टिकचा दांडा आणि पारदर्शक नळी बाजूला काढली, की वरची टोपी हाती राहते. या टोपीतच सगळा दिवा असतो. वरच्या बाजूला सुमारे दोन व्होल्टचा लहान सोलर पॅनेल असतो आणि आत १.२ व्होल्टचा पुन्हा चार्ज होणारा एक सेल. पांढऱ्या एलईडीला मात्र साधारण तीन व्होल्ट लागतात. म्हणून आत चार पायांची एक इवलीशी चिप आणि तारेची एक गुंडाळी असते, आणि ती दोघे मिळून सेलचा कमी दाब (व्होल्टेज) एलईडीला पुरेल इतका वाढवतात. अंधार पडल्याचे त्या चिपला पॅनेलकडूनच कळते. पॅनेलमधून वीज येईनाशी झाली, की ती दिवा लावते. त्यामुळे संध्याकाळी बटण दाबायला कुणी घरी असावे लागत नाही.

आता बरणीचे पत्र्याचे झाकण घ्यावे, टोपीचा खालचा भाग त्यावर ठेवून पेन्सिलीने वर्तुळ आखावे आणि त्या रेषेवर खिळ्याने जवळजवळ भोके पाडून मधला भाग पत्रा कापायच्या कातरीने काढावा. कडा कानशीने घासून बोथट केल्याशिवाय पुढचे काम करू नये, कारण पत्र्याची धार हाताला फार लागते. टोपी वरून बसवून झाकण आणि टोपी यांच्यामधली फट पारदर्शक सिलिकॉनने भरावी आणि एक दिवस वाळू द्यावी. चिकटवायचे ते फक्त टोपी आणि झाकण. झाकण आणि बरणी यांच्या आट्यांना सिलिकॉन लावू नये. सेल वर्षा-दोन वर्षांनी बदलावा लागतो, आणि झाकण फिरवून उघडता आले नाही तर पुढच्या वेळी बरणी फोडावी लागेल.

काच अगदी स्वच्छ असेल, तर एलईडीचा ठिपका डोळ्यांना खुपतो आणि वाटेवर उजेड मात्र कमी पडतो. बरणीचा बाहेरचा भाग ओल्या पॉलिश पेपरने गोल गोल घासला, की काच दुधाळ होते आणि उजेड सगळीकडे पसरतो. तळाशी फुटक्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे घातले, तर बरणीला वजन येते आणि रंगीत कवडसेही पडतात. झाकण मात्र कोरड्या दुपारी लावावे. दमट हवा आत कोंडली गेली, तर रात्री काचेवर आतून पाणी धरते आणि तेच पाणी सेलच्या स्प्रिंगला गंज आणते. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून न देता त्यांतली एक बरणीत ठेवावी.

तुळशीजवळच्या बरणीची जागा ठरवताना दुपारी बारा वाजता तिथे उभे राहून पाहावे. पॅनेलवर पानांची सावली पडत असेल, तर बरणी दोन हात सरकवावी. रात्री दिवा कुठे शोभेल याचा विचार त्यानंतर.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी घेतलेल्या सहा सौर दिव्यांपैकी चार आता पेटत नाहीत. एकात मी दुकानातून आणलेला साधा पेन्सिल सेल घातला. तो दोन-तीन दिवस चालला आणि मग त्यातून पांढरा द्राव बाहेर आला. हे दिवे आता टाकूनच द्यावेत का?
— एक निवृत्त कर्मचारी, नाशिक

उत्तर : टाकू नयेत. बंद पडलेल्या बागेतल्या सौर दिव्यांमध्ये बहुतेक वेळा दोष सेलचा असतो. पॅनेल, चिप आणि एलईडी धडधाकट असतात. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो तो साधा पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा असतो आणि तो पुन्हा चार्ज करण्यासाठी बनवलेलाच नसतो. पॅनेल दिवसभर त्यात वीज ढकलत राहतो, आत वायू साठतो आणि सेल गळतो. अल्कलाइन सेलमधून येणारा तो पांढरा पदार्थ दाहक असतो, म्हणून हातमोजे घालून सेल काढावा आणि हात डोळ्यांकडे नेऊ नये. स्प्रिंग आणि पत्र्याची पट्टी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पुसावी, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावी आणि उरलेला गंज पॉलिश पेपरने खरवडावा.

आता १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड सेल आणावा. सेलवर NiMH ही अक्षरे आणि मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे त्यात किती वीज साठते ते सांगणारा आकडा छापलेला असतो. ६०० ते १,००० पुरेसे आहेत. त्याहून मोठा सेल हा चिमुकला पॅनेल भरू शकणार नाही, त्यामुळे जास्तीचे पैसे फुकट जातात. नवा सेल घालून पॅनेल हाताने पूर्ण झाकावा. दिवा लागला, तर दुरुस्ती झाली. नाही लागला, तर भर उन्हात पॅनेलच्या दोन तारांमधला दाब मल्टिमीटरने मोजावा. दोन व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर पॅनेल ठीक आहे आणि दोष तुटलेल्या तारेत किंवा बटणात शोधावा.

दीड वर्षात पॅनेलवरचा पारदर्शक थर उन्हाने पिवळट आणि धुरकट झाला असण्याचीही शक्यता आहे. साबणाच्या पाण्याने धुऊन तो अगदी बारीक ओल्या पॉलिश पेपरने हलकेच घासावा आणि वर पारदर्शक व्हार्निशचा पातळ हात द्यावा. व्हार्निश नसेल, तर रंगहीन नेलपॉलिश चालते. पॅनेल नवा होत नाही, पण आणखी एक-दोन वर्षे काम देतो.

जुने सेल कचऱ्याच्या बादलीत टाकू नयेत, ही आग्रहाची विनंती. जुन्या दिव्यांतले काही सेल निकेल-कॅडमियमचे असतात आणि कॅडमियम हा विषारी धातू आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण एवढेच करावे, की जुन्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते एका कोरड्या डब्यात जमवावेत आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे एकत्र द्यावेत.

प्रश्न : उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत चालणारा माझा बरणीतला दिवा पावसाळ्यात रात्री आठच्या सुमारास विझतो. मोठा सेल घालून पाहिला, तरी फरक पडला नाही.
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : हौद मोठा बांधला म्हणून नळाचे पाणी वाढत नाही. आपल्या दिव्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहू. लहान पॅनेल कडक उन्हात सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह देतो असे धरू. स्वच्छ दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे कमीजास्त ऊन एकत्र केले, तर ते सुमारे पाच तासांच्या कडक उन्हाइतके भरते. म्हणजे दिवसाची जमा ३०० मिलिअँपिअर-तास. सेलमध्ये भरताना आणि काढताना होणारी घट वजा केली, तर हाती सुमारे २०० उरतात. दिवा ४० मिलिअँपिअर खात असेल, तर पाच तास, म्हणजे सातला लागून बाराला विझणार. पावसाळ्यात ढग दाट असले, की पॅनेलची कमाई पाचव्या हिश्शापर्यंत किंवा चौथाईपर्यंत खाली येते. हाती पन्नास मिलिअँपिअर-तास उरले, तर दिवा सव्वा तास चालेल. आठची वेळ या हिशेबात चपखल बसते, म्हणजे आपला दिवा बिघडलेला नाही.

उपाय तीन आहेत. ते एकत्रही करता येतात.

पहिला उपाय जमा वाढवण्याचा. शेजारीपाजारी बंद पडलेले असेच दिवे असतात. त्यांतला एक पॅनेल काढून आपल्या पॅनेलला जोडावा. धन टोक धन टोकाला आणि ऋण टोक ऋण टोकाला. दोन्ही पॅनेल एकाच दाबाचे हवेत. जमा जवळजवळ दुप्पट होते आणि खर्च शून्य.

दुसरा उपाय पॅनेल दिव्यापासून वेगळा करण्याचा, आणि माझ्या मते गोव्या-कोकणातल्या झाडाझुडपांच्या परसात हाच सर्वांत मोलाचा. दिवा हवा असतो झाडाखालच्या वाटेवर आणि ऊन असते छपरावर. पॅनेल छपराच्या कडेला लावून जुन्या चार्जरच्या किंवा टेलिफोनच्या दुपदरी वायरीने पाच-सहा मीटर खाली आणला, तरी इतक्या कमी प्रवाहाला ती वायर पुरते. पॅनेलच्या आतल्या चकत्या एकीला एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एका चकतीवर जरी माडाच्या झावळीची सावली पडली, तरी साऱ्या पॅनेलचा प्रवाह अडतो. पॅनेल दक्षिणेकडे वीसेक अंश कलता ठेवावा, म्हणजे हिवाळ्यातले ऊन चांगले मिळते आणि पावसाचे पाणी धूळ घेऊन ओघळते. पावसाळी दिवसांत उजेड साऱ्या आकाशातून झिरपत येतो, तेव्हा दिशेपेक्षा वरचे आकाश मोकळे असणे महत्त्वाचे. एक सावधगिरी बाळगावी. अंधार ओळखण्याचे काम पॅनेलच करत असल्याने छपरावर रस्त्याच्या दिव्याचा झोत येत असेल, तर आपला दिवा लागणारच नाही.

तिसरा उपाय खर्च कमी करण्याचा. चिपजवळची गुंडाळी बदलून जास्त इंडक्टन्सची घातली, की एलईडीचा प्रवाह घटतो. प्रवाह निम्मा झाला, तरी डोळ्यांना उजेड निम्मा झाल्यासारखा वाटत नाही. वाट दिसायला तो पुरतो आणि दिव्याचे तास दुप्पट होतात. ज्यांना डाख देता येतो त्यांनी हे जरूर करून पाहावे.

प्रश्न : मी आयटीआयचा विद्यार्थी आहे. बंद लॅपटॉपच्या बॅटरीतून सहा गोल सेल काढले आहेत आणि १२ व्होल्टचा एक लहान पॅनेल मिळाला आहे. शेतातल्या विहिरीजवळ रात्रभर चालणारा दिवा करायचा आहे. जोडणी कशी करू?
— एक विद्यार्थी, चंद्रपूर

उत्तर : ते सेल वापरू नकोस, हे आधी स्पष्ट सांगतो. हे १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे लिथियम आयन सेल असतात. एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. बंद लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिलेले सेल पुष्कळदा दोन व्होल्टच्याही खाली गेलेले असतात. अशा सेलच्या आत तांबे विरघळून भलत्या जागी साचलेले असू शकते. पुन्हा चार्ज करताना आतल्या आत दोन्ही टोके जुळली, तर सेल पेट घेतो, आणि लिथियम सेलची आग साध्या उपायांनी आटोक्यात येत नाही. शिवाय हे सेल ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नयेत असा नियम आहे, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सावलीतला पारासुद्धा त्या आकड्यापलीकडे जातो. उन्हात ठेवलेल्या बंद डब्यातली गोष्ट तर वेगळीच. टोकांना चिकटपट्टी लावून सहाही सेल ई-कचऱ्यात जमा कर.

त्याऐवजी त्याच आकाराचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक नवा सेल घे. त्याचा दाब ३.२ व्होल्ट आणि साठा साधारण १,५०० मिलिअँपिअर-तास असतो. उष्णतेत तो लिथियम आयनपेक्षा बराच स्थिर राहतो. त्याच्यासाठी चार्जिंगचे मॉड्यूल मात्र ३.६ ते ३.६५ व्होल्टला थांबणारेच हवे. बाजारात सहज मिळणारे टीपी ४०५६ चे निळे मॉड्यूल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करते, म्हणून ते या सेलला चालत नाही. हा घोटाळा फार जण करतात. दुकानात मॉड्यूलवरचा आकडा वाचूनच घ्यावे.

तुझा १२ व्होल्टचा पॅनेल दुसऱ्या कामाला ठेव. भार नसताना तो उन्हात वीस व्होल्टच्याही वर जातो आणि असे छोटे मॉड्यूल त्याने तत्क्षणी जळते. सहा व्होल्टचा, एक वॉटचा पॅनेल घे. तो कडक उन्हात सुमारे १६५ मिलिअँपिअर देतो आणि मोकळा असताना सात व्होल्टच्या आसपास जातो. मॉड्यूलची दाब सोसण्याची मर्यादा त्याहून जास्त असल्याची खात्री करून घे. दिवसाला हाती ६०० मिलिअँपिअर-तास येतात असे धर. पाच मिलिमीटरच्या पाच एलईडींना प्रत्येकी १५ मिलिअँपिअर दिले, तर एकूण ७५ आणि आठ तास उजेड. रात्रभर म्हणजे अकरा-बारा तास हवे असतील, तर एलईडी तीन लाव. सेल भरलेला असेल, तर पाच एलईडींवर तो वीस तास पुरतो, म्हणजे मळभाचे दोन दिवस निभतात. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १५ ओहमचा रोधक (रेझिस्टर) घाल. सगळ्यांना मिळून एकच रोधक घातला, तर ज्या एलईडीला किंचित कमी दाब लागतो तीच जास्त प्रवाह ओढते आणि आधी मरते.

दिवा आपोआप लागण्यासाठी ८५५० क्रमांकाचा एक पीएनपी ट्रान्झिस्टर पुरेसा आहे. त्याचा एमिटर सेलच्या धन टोकाला, कलेक्टर एलईडींच्या धन बाजूला आणि बेस एक किलोओहमच्या रोधकातून पॅनेलच्या धन तारेला जोड. त्या धन तारेपासून ऋण तारेपर्यंत आणखी २.२ किलोओहमचा रोधक लाव. दिवसा पॅनेलचा दाब सेलपेक्षा जास्त असल्याने ट्रान्झिस्टर बंद राहतो. अंधारात तो दाब उतरला, की ट्रान्झिस्टर उघडतो. सेल जरुरीपेक्षा जास्त उतरू न देणारे संरक्षण मॉड्यूलमध्ये आहे का, हेही पाहा.

सेल आणि मॉड्यूल ठेवायला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा जुना जेवणाचा डबा उत्तम. त्याला पांढरा रंग दे आणि पॅनेलच्या खाली, पण पॅनेलपासून चार बोटे अंतर सोडून बांध, म्हणजे पॅनेलचीच सावली डब्यावर पडेल आणि मधून वारा वाहील. वायर डब्याच्या तळातून आत ने आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल दे, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोलावरून गळून पडेल.

प्रश्न : घरात गेलेले एलईडी बल्ब आणि डास मारण्याच्या दोन बंद रॅकेट आहेत. त्यांचे भाग सौर दिव्याला चालतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बल्बचा दुधाळ घुमट अवश्य ठेवावा. उजेड पसरवण्यासाठी त्याच्याइतके चांगले आवरण विकतही मिळत नाही. आतल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवरचे दिवे मात्र बहुधा निरुपयोगी ठरतात, कारण एकेका चौकोनी दिव्याच्या आत दोन-तीन किंवा त्याहून जास्त एलईडी ओळीने जोडलेल्या असतात आणि त्यांना सहा, नऊ किंवा अधिक व्होल्ट लागतात. उघडलेला बल्ब होल्डरमध्ये लावून पाहण्याचा मोह कृपा करून टाळावा, त्यातल्या उघड्या भागांवर थेट घरातली वीज असते.

रॅकेटच्या मुठीतली टॉर्चची एलईडी साधी असते आणि ती चालते. आतली बॅटरी बहुधा संपलेलीच असते. रॅकेट उघडण्यापूर्वी बटण बंद करून, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने जाळीचे थर एकमेकांना टेकवावेत, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज बटण बंद केल्यावरही झटका देऊ शकते. बाकीचे सुटे भाग आपल्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतील.

प्रश्न : आमच्या पाड्यावरच्या घरांना पत्र्याची छपरे आहेत आणि आत दिवसाही अंधार असतो. पाण्याच्या बाटलीचा दिवा करतात असे ऐकले आहे. तो रात्रीही चालेल का? पाड्यावर विद्यार्थ्यांचे काही जुने, बंद पडलेले सौर अभ्यासदिवेही पडून आहेत.
— एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : बाटलीच्या दिव्याची कल्पना ब्राझीलमधल्या उबेराबा शहरातल्या आल्फ्रेदो मोझेर या मेकॅनिकची. तिथे वीज वारंवार जात असे, तेव्हा २००२ मध्ये त्याने दोन लिटरची पारदर्शक बाटली पाण्याने भरून छपरात बसवली. बाटलीचा वरचा भाग उन्हात आणि उरलेला घरात राहतो. वरून शिरलेला प्रकाश पाण्यात वळून खोलीभर पसरतो. मोझेरच्या मते एका बाटलीचा उजेड जुन्या ४० ते ६० वॉटच्या बल्बइतका भरतो. पुढे २०११ मध्ये फिलिपाइन्समध्ये इलॅक डियाझ यांनी ‘लिटर ऑफ लाइट’ या नावाने ही कल्पना वस्त्यावस्त्यांत पोहोचवली.

बाटली नितळ पाण्याने भरावी आणि शेवाळ धरू नये म्हणून त्यात दोन झाकणे ब्लीच घालावे. पत्र्याचा हातभर चौकोनी तुकडा घेऊन त्यात बाटली घट्ट बसेल असे भोक पाडावे, बाटली त्यात अडकवून सिलिकॉनने पक्की करावी आणि हा तुकडा छपरातल्या भोकावर बसवून चारी कडा भराव्यात. आपल्याकडच्या पावसाचा विचार करता हे काम मे महिन्यात उरकावे आणि पहिल्या वळवाच्या सरीत गळती तपासावी. उन्हाने काही वर्षांत बाटली ठिसूळ होते, तेव्हा ती फुटायची वाट न पाहता बदलावी.

रात्री ही बाटली स्वतःहून उजेड देणार नाही. त्यासाठी जुन्या अभ्यासदिव्यांचा उपयोग होईल. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने २०१४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या खेड्यांमध्ये विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिवे पोहोचवण्याचा प्रकल्प राबवला गेला आणि त्यात दिव्यांची जुळणी गावातल्याच माणसांकडून करून घेण्यात आली. त्या किंवा तशा दिव्यांचे पॅनेल आणि एलईडी बहुधा शाबूत असतात. सेलवर छापलेला प्रकार आणि दाब वाचून तसाच नवा सेल आणावा. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यातून एका टोकाला बंद असलेली काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची कोरडी नळी आत सोडावी, एलईडी त्या नळीत ठेवावी, नळीचे तोंड सिलिकॉनने बंद करावे आणि पॅनेल शेजारी पत्र्यावर बसवावा. सेल आणि बटण मात्र घरात, भिंतीवर हाताला येईल अशा उंचीवर ठेवावे. तापलेल्या पत्र्यावर सेल ठेवला, तर तो फार टिकणार नाही. पाड्यावरच्या आठवी-नववीच्या मुलांना ही जुळणी आपल्या देखरेखीखाली करायला दिली, तर पुढचा बिघाड काढायला त्यांना कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्याला लागून आमचे घर आहे आणि पाहुण्यांची राहण्याची सोय आम्ही करतो. किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर टाकाऊ डब्यांचे सौर दिवे लावायचे आहेत. खाऱ्या हवेत ते टिकतील का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : टिकतील. साध्या पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे जुने डबे वापरावेत, स्क्रू पितळेचे घ्यावेत, डाख दिलेल्या प्रत्येक जोडावर नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत आणि सेलच्या टोकांना पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावावा. दर महिन्याला पॅनेलवरचे मीठ गोड्या पाण्याने धुवावे.

पण आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, म्हणून न विचारलेली एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. साधारण फेब्रुवारी ते मे या काळात पिले वाळूतून बाहेर येतात आणि जिकडचे क्षितिज जास्त उजळ तिकडे चालू लागतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती उजळ बाजू समुद्राची असते. वाटेवर पांढरा दिवा असला, की पिले घरांकडे वळतात आणि कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या तोंडी पडतात किंवा सकाळच्या उन्हात सुकून मरतात. माणसाने हौसेने लावलेल्या दिव्यामुळे असे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

त्यामुळे पांढऱ्या एलईडीऐवजी तांबूस-पिवळी, म्हणजे अंबर रंगाची एलईडी घ्यावी. पिलांना ती कमी भुलवते आणि तिच्याकडे किडेही कमी येतात. तिला दोनच व्होल्ट लागतात, म्हणून चंद्रपूरच्या उत्तरात सांगितलेल्या ३.२ व्होल्टच्या सेलवर रोधक ८२ ओहमचा लावावा. दिवा गुडघ्याच्या उंचीवर ठेवावा आणि त्याच्यावर डब्याची अर्धी कापलेली, आतून काळी रंगवलेली छत्री अशी बसवावी, की उजेड फक्त पायाखाली पडेल. नारळाची मोठी करवंटीही चालते. प्रत्येक दिव्याला बटण ठेवावे आणि पाहुणे झोपले, की ते बंद करावे. पिले निघण्याच्या दिवसांत तर समुद्राकडचे शेवटचे दोन-तीन दिवे काढूनच ठेवावेत.

बाकीचे दिवे लावून झाल्यावर अंधार पडला, की किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपाशी जाऊन, वाळूवर बसून घराकडे पाहावे. जो दिवा तिथून दिसेल, त्याची छत्री आणखी दोन बोटे खाली ओढावी.